गोलूचं पक्कं कार्ड

बबनरावाले घरातला कोणताच कागद उघडा पाह्यवत नसे. रेशनकार्ड, सातबारा, लग्नाची पत्रिका, अन् ज्या मार्कशीटमध्ये तो गणितात सपशेल आडवा झाला ती मार्कशीट, सारं त्यानं शेलूबाजारले नेऊन युनूसच्या झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून आणलेलं. म्हैस मेली तेव्हा तिच्या विम्याचा कागदबी केला. मग विमावाल्याले त्याच्यावर सही करता येईना, तर बबनराव त्याच्यावरच चिडला. म्हणे, तुमचा पेन हलका हाय.

त्याची समज साधी होती. कागदावर प्लास्टिक चढलं म्हणजे काम पूर्ण. पुढं कोणी काही इचाराचं नाही.

त्याचा नातू गोलू साडेतीन महिन्याचा असताना लस घेऊन घरी आला, अन् त्याच्या लसीच्या कार्डावर दूध सांडलं. गोलूचा बाप पुण्याले कंपनीत, तो दिवाळीले येणार. तेव्हा कार्डाचा मालक बबनराव. तो दुपारच्या जीपनं शेलूबाजारले गेला.

युनूसनं कार्ड उलटंपालटं करून पाह्यलं. "काका, याच्यावर आणखी तारखा लिहाच्या दिसून राह्यल्या. नऊ महिन्याचा खाना रिकामा हाय. त्याच्या खालचेबी रिकामे हाय."

"रिकामा म्हणजे लागू नाही," बबनराव म्हणे. "सरकारी फारम कधी भरला का तू? चालू कर मशीन."

युनूसनं मशीन चालू केलं. बबनरावाशी वाद घालत बसला तर दुकान कोण पाहीन.

गोलू आठ महिन्याचा झाला तेव्हा अंगणवाडीत पालकाइसाठी मार्गदर्शन ठेवलं होतं. अनिसा सिस्टर आली होती, लसीचा निळा डबा खांद्याले लावून. कोणती लस कधी, ताप आला तर काय कराचं, तारीख चुकली तरी काहून याचंच, एवढं तिले सांगाचं होतं. पण अध्यक्ष बबनराव. त्याले कोणी केलं नव्हतं. तो इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या खुर्चीवर बसला, अन् आमच्या गावात अध्यक्ष असाच होते. अनिसाले चार मिनिटं भेटली. तिले पुढच्या गावी जायाचं होतं, ती डबा उचलून गेली. ती थांबली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

ती गेल्यावर बबनरावानं खिशातून गोलूचं कार्ड काढलं अन् उन्हात धरलं. ते चमकलं.

"हे पाहा. पाण्यात भिजत नाही. लेकरानं चावलं तरी फाटत नाही. पालक असाल तर असे पालक व्हा."

लोकाइनं टाळ्या वाजवल्या. अनिसानं सांगितलेलं त्याइच्या एका कानातून गेलं होतं, हे मात्र डोक्यात बसलं, कारण हे चमकत होतं. पुढच्या बाजाराच्या दिवशी जीप भरून मायबाप शेलूबाजारले गेले. युनूसच्या दुकानातलं प्लास्टिक संपलं, तर दोघंजण मंगरूळपीरले गेले, पण कार्ड उघडं ठेवलं नाही.

महिन्यानं लसीचा दिवस आला. तवरिक जानरावच्या नातीले गोवर निघाला होता. डोळे लाल, अंगभर पुरळ, श्वास लागला म्हणून वाशीमले भरती केलेली. तिचं घर बबनरावाच्या घरापासून तिसरं. गोलूले नऊ महिने पूर्ण झाले होते, गोवराची लस घ्याची वेळ तीच. त्याची माय साधना चार दिवसापासून रोज त्याचं अंग उघडं करून पाहे.

अन् बबनरावानं त्याच दिवशी अंगणवाडीपुढं मांडव घातला. लाउडस्पीकर लावला. पेपरवाल्याले बोलावलं. मांडवावर फलक होता, "शंभर टक्के लॅमिनेटेड गाव."

अनिसानं डबा उघडला, पहिलं कार्ड हातात घेतलं अन् पेन टेकवला. पेन घसरला. दुसरं कार्ड. घसरला. तिनं सारा ढीग पाह्यला, फरशा रचल्यावानी.

"हे कोणाचं डोकं?" तिनं इचारलं.

सारे अभिमानानं बबनरावाकडं पाहू लागले.

कोणीतरी शाळेतून फळ्यावर लिहाचा मार्कर आणला. अनिसानं रजिस्टरात नोंद करून धुरपताबाईच्या नातवाच्या कार्डावर मार्करनं तारीख टाकली. धुरपताबाईनं ती पाह्यली, डाग पडला समजून पदरानं स्वच्छ पुसली अन् म्हणे, "बाई, जरा हात धुऊन लिहत जा. नवं कार्ड हाय."

साधना गोलूले घेऊन पुढं आली. बबनराव आडवा झाला.

"सूनबाई, घरी जा. आपला गोलू पूर्ण झाला."

"मामाजी, नऊ महिन्याची राह्यली. जानरावकाकाच्या घरी गोवर हाय."

"त्याइचं कार्ड उघडं होतं म्हणून गोवर आला. आपलं पक्कं हाय." त्यानं खिशावर हात ठेवला. "अन् कार्ड माह्यापाशी हाय. कार्डाबिगर लस देत नसतात. काय सिस्टर?"

"काका, सुई कार्डाले नसते टोचत," अनिसा म्हणे. "लेकराले टोचतात. कार्ड नसलं तरी लस भेटते. रजिस्टरात गोलूच्या साऱ्या तारखा हाय, नवं कार्ड बनते."

"दुसरं कार्ड? एका लेकराले दोन कार्डं? हा गुन्हा हाय." बबनरावानं पेपरवाल्याकडं पाह्यलं. "लिहून घ्या. माह्या घरच्या लेकराले माह्या परवानगीबिगर कोणी हात लावणार नाही."

साधनानं अनिसाकडं पाह्यलं. मग सासऱ्याकडं पाह्यलं. चार वर्षं त्या घरात राह्यल्यानं तिले त्याची एक गोष्ट पक्की ठाऊक होती.

"बरं, मामाजी," ती म्हणे. "पण लोक कधीचे बसून हाय. तुमचं भाषण कवा हाय?"

बबनरावाचा चेहरा उजळला. तो माइककडं गेला. माइक हाती आला की त्याले मांडव पेटला तरी दिसत नसे. त्यानं डोळे मिटले अन् सुरू झाला. लेकराइचं रक्षण कसं कराव, पुढच्या पिढीचं काय होईन, अन् आपण कसे जागरूक.

साधना मांडवातच, त्याच्यापासून दहा पावलावर, अनिसाच्या पुढं बसली. गोलूचा उजवा दंड उघडा केला. अनिसानं सुई टोचली. गोलूनं सारं गाव उठवलं.

"कोणाचं लेकरू रडून राह्यलं ते?" बबनराव डोळे न उघडता माइकवर म्हणे. "त्याले बाहेर न्या. काही मायबापाइले अक्कलच नसते."

मग मागच्या बाया पदर तोंडात कोंबू लागल्या. साधनाची सासू गोजराबाई पहिल्या रांगेत होती. तिनं मागं वळून पाह्यलं, सून पाह्यली, सुई पाह्यली, अन् पुन्हा मान सरळ करून नवऱ्याचं भाषण ऐकू लागली.

लस दिली की अर्धा तास तिथंच थांबाचं असते. साधना पहिल्या रांगेत सासूपाशी येऊन बसली. भाषण ऐकाची तेवढी एकच शिक्षा तिले झाली, पण पूर्ण झाली. गोलू तिच्या मांडीवर झोपला. बबनरावानं डोळे उघडले तेव्हा त्याले सून पहिल्या रांगेत शांत बसलेली दिसली.

"हे पाहा," तो माइकवर म्हणे. "आमची सून. अर्धा तास झाला, हलली नाही. मार्गदर्शन असं ऐकाव."

साऱ्यात जोरात टाळ्या अनिसानं वाजवल्या.

संध्याकाळी त्यानं गोलूचा दंड पाह्यला. "डास चावला वाट्टे. लक्ष देत जाय वं, सूनबाई."

"हो, मामाजी."

दोन दिवसांनी पेपरात फोटो आला, बबनराव अन् हातात चमकतं कार्ड. तो तसाच कात्रण घेऊन शेलूबाजारले गेला.

तो गेल्यावर गोजराबाईनं हळूच इचारलं, "नवं कार्ड कुठी ठेवलं वं?"

"चुलीमागच्या मिठाच्या डब्याखाली."

गोजराबाईनं जराक इचार केला. बबनराव चाळीस वर्षांत त्या चुलीपाशी पाण्याच्या गिलासासाठीबी आला नव्हता.

"राहू दे तठीच," ती म्हणे. "पुढची कवा हाय?"

"सोळा महिन्याचा झाला की."

"मग तेव्हाबी याइचं भाषण ठेवू."