बारा ठोकळ्यांची तूट

चुडामण मिस्त्रीने दोरीचं एक टोक ताईबाईच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन तो मागे सरकत परसाच्या पार कडेपर्यंत गेला.

"अक्का, ताणी धरा."

"धरेल शे ना बा," ताईबाई म्हणाली. दोरीला मधे झोळ पडलाच होता.

लांबी तीस फूट भरली. उंची सहा फूट हवी, हे तिचा मुलगा सुकदेव धुळ्याहूनच ठरवून आला होता. तो तिथे कचेरीत कारकून होता. लढाई सुरू झाल्यापासून गावोगाव चोऱ्या वाढल्या होत्या. आई घरात एकटी, आणि मागच्या बाजूला नुसतं कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचं कुंपण, तेही मधे मोडलेलं. त्याला झोप लागत नसे.

चुडामणने काडीने मातीत रेघा ओढल्या. ठोकळा दीड फूट लांब, पाऊण फूट उंच. एका थरात वीस, असे आठ थर. एकशे साठ झाले, फुटतील म्हणून आणखी दोन. एका गोणीत सत्तावीस ठोकळे पडतात. सहा गोण्या त्यांना, सातवी सांध्यांना.

"सात गोण्या आना, भाऊ. आठवी लागाव नही."

सिमेंट तेव्हा सरकारी परवान्यावर मिळे. सात गोण्यांसाठी सुकदेवने दोन महिने हेलपाटे घातले, पण आकड्याबद्दल चुडामणला पुन्हा विचारलं नाही. आसपासच्या दहा गावांत कुणीच विचारत नसे. त्याने मोजलेल्या कामाला कधी काही कमी पडलं नव्हतं.

लाकडी साच्यात ठोकळे पडले. पंधरा दिवस त्यांना पाणी घालायचं काम ताईबाईने अंगावर घेतलं आणि मदतीला भागाबाई आली. भागाबाईचं घर कुंपणाच्या पलीकडे. चाळीस वर्षं ती त्या मोडक्या जागेतूनच येत-जात होती. आता तिचे गुडघे धरले होते. गल्लीला वळसा घालून यायचं म्हणजे मधला चढ तिला झेपण्यासारखा नव्हता. दोघी पाणी घालत आणि बोलत. सुनांबद्दल, पापडांबद्दल, कुणाच्या म्हशीबद्दल. भिंतीबद्दल मात्र एक अक्षर नाही. एकाच ठोकळ्यावर दोघी दोनदा पाणी ओतताना चुडामणने पाहिलं होतं.

बांधकामाच्या तिसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणून सुकदेवही आला. दोन्ही टोकांकडून भिंत चढत मधे आली, आणि सव्वादोन फूट जागा उरलेली असताना ठोकळे संपले.

चुडामणने थर मोजले. पुन्हा मोजले. दोन ठोकळे फुटले होते, ते धरलेलेच होते. बारा कमी होते.

"मी पानी पी येस," असं म्हणून तो गोठ्याकडे गेला. गोठ्याजवळ जमिनीवर काहीतरी जड ओढल्याच्या खुणा होत्या. गोणपाटावर ठेवून ओढलं असावं. खुणेच्या दोन्ही बाजूंना अनवाणी पावलं उठली होती. एका बाजूची पावलं फरपटलेली, गुडघे धरलेल्या माणसाची. खूण पऱ्हाट्यांच्या ढिगापाशी संपत होती आणि ढिगातून ठोकळ्याचा राखाडी कोपरा डोकावत होता.

त्याने वळून पाहिलं. उरलेल्या जागेतून पलीकडची भागाबाई दिसत होती. तिच्या हातातलं सूप थांबलं होतं. अलीकडे ताईबाई रिकामा तांब्या घेऊन उभी होती आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती.

चुडामणने पऱ्हाट्यांचा एक भारा उचलून त्या कोपऱ्यावर टाकला.

"भाऊ," परत येऊन तो सुकदेवला म्हणाला, "मन्हीच मोजणी चुकनी. बारा कमी पडनात."

"तुमची? मिस्त्री, तुमची मोजणी चुकली?" सुकदेव त्याच्याकडे बघतच राहिला. "आणि आता सिमेंट कुठून आणू? वर्षभर परवाना मिळायचा नाही."

"दार बसाडी देस. निंबनी फळी शे मन्हाकडे. कडी मधून, अक्काना बाजूले."

सुकदेवने त्या मोकळ्या जागेतून पलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "आई, रोज कडी लावशील?"

"लावसू ना रे राजा," ताईबाई म्हणाली आणि तिने पदर तोंडाशी धरला.

दार बसलं. महिन्याभरात मिस्त्रीची मोजणी चुकल्याची गोष्ट सुकदेवच्या तोंडून चार ठिकाणी गेली. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, गंमत म्हणूनच तो सांगत होता. पण शेजारच्या गावच्या पाटलांनी धान्याच्या कोठाराचं काम दुसऱ्या मिस्त्रीला दिलं. ते काम चुडामणचं, असं सगळे दोन वर्षांपासून धरून चालले होते.

ताईबाईला हे बाजारात कळलं. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत ती चुडामणच्या ओट्याशी येऊन उभी राहिली. डोक्यावरून पदर घेतलेला, पायांत ठेवणीतल्या वहाणा.

"मी पाटीलकडे जास. सांगस त्याले, मोजणी बरोबर व्हती. मन्हामुये तुन्हं काम गयं."

चुडामण ओळंब्याची दोरी गुंडाळत होता. त्याने मान वर केली नाही.

"तीन कोस जाशात, तीन कोस येशात. दिन जाई."

"जाऊ दे."

"मंग भागाबाईले कडी कोन उघडी?"

ऊन ओट्यावर आलं होतं. ताईबाई वळली आणि आली त्यापेक्षा भराभर पावलं टाकत घराकडे निघाली.