देवराईच्या मातीचा कौल

माघ सरता सरता देवराईत उतरणारा उजेड हिरवा असतो. अंजनीच्या, किंजळीच्या, जांभळीच्या पानापानांतून गाळला जात तो थेंबाथेंबाने खाली येतो आणि पाचोळ्याच्या तांबूस, दमट, शतस्तर शय्येवर निजतो. त्या शय्येखाली माती आहे. काळी, भुसभुशीत, मुळांनी विणलेली. आणि ती श्वास घेते.

हे उपमा म्हणून म्हटलेलं नाही. खरोखरच घेते. भातखाचरांतून, गोठ्यांतून, शहरांच्या कचराडोंगरांतून उठणारा, आभाळाला ताप आणणारा मिथेन वायू या मातीतले अदृश्य, अनाम, अहोरात्र भुकेले जीवाणू हवेतून वेचून खातात. ना शाल, ना श्रीफळ, ना सत्कार. त्यांच्या नावाने कुणी साधा फलकही लावला नाही; बहुधा म्हणूनच ते इतकी शतकं वाचले.

फलक गेल्या वर्षी लागला. ‘हरित देवराई, सुंदर देवराई’.

देवस्थान समितीला अचानक उमगलं, की देवाच्या रानात झाडं कमी आहेत. रिवाजाप्रमाणे कौल लावला गेला. धाकू गुरवाने पाषाणमूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. अध्यक्ष शांतारामशेठ घवाळी यांनी खणखणीत विचारलं, “देवा, तुझ्या रानात झाडं लावू ना?” उजवी पडली. झाडं लावू नका, असं कोणता देव म्हणेल?

झाडं लावायची तर जागा हवी. म्हणून झाडं काढली. पाचोळा जाळला. जेसीबीने अर्धी देवराई खरवडली, सपाट केली. तिच्यावर शुभ्र, दाणेदार, निष्पाप युरिया पेरला. आणि शोभेची रोपं शाळेच्या कवायतीसारखी रांगेत उभी केली. फोटो उत्तम आले.

आज उरलेल्या अर्ध्या देवराईची पाळी होती. जेसीबी कडेला येऊन थांबला होता, समितीही जमली होती.

शलाका परुळेकर उजाडताच आली होती. कॉलेजात मृदाशास्त्र शिकवणारी ही बाई अकरा वर्षं या मातीवर पांढऱ्या बादल्या पालथ्या घालून आतली हवा मोजते. गाव तिला बादलीवाल्या मॅडम म्हणतं. आज तिने एक बादली अंजनीखाली पालथी घातली, एक त्या कवायतीत.

“धाकूकाका, हे बघा. अंजनीखालच्या बादलीतला वायू अर्ध्या तासात घटला. मातीने खाल्ला. तिकडचा जसाच्या तसा.”

“म्हंजे तिकडली माती मेली म्हना की.”

“ताट समोर असून उपाशी. युरियातला अमोनिया आला, की हे जीव त्यालाच मिथेन समजून धरून बसतात. त्यात जेसीबीने घर उलटंपालटं केलेलं.”

“मंग परत कदी येतील?”

“आज सोडून दिलं तर? तुमच्या नातवाच्या नातवाला विचारा, काका.”

धाकू ओहळाशी गेला. हात धुतले. ओल्या पाकळ्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवल्या, आणि वहाणा नसलेल्या पायांनी पाषाणापुढे उभा राहिला.

“अरे धाकू,” शांतारामशेठ हसले, “एका कामाला दोनदा कौल? देव काय बहिरा हाय?”

“देव नाय बहिरा, शेट. तुमी झाडांचं इचारलंव. मातीचं कोनी इचारलंन?”

शेठनी घड्याळ पाहिलं. मग शलाकाकडे वळून मायेने म्हणाले, “मॅडम, पर्यावरणदिनाला या हां. चार शब्द बोला मातीवर.”

“तोवर माती ठेवा,” शलाका म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता, की ड्रायव्हरने जेसीबीतून मान बाहेर काढून पाहिलं.

धाकूने विचारलं, “देवा, या मातीला हात लावू देऊ काय?”

आणि रान स्तब्ध झालं. पान स्तब्ध, पक्षी स्तब्ध, पाण्याचा झुळझुळ ओहळ जणू दगडाआड थबकला. खरवडलेल्या अर्ध्यातून येणारं उघडं ऊन पाषाणाच्या डाव्या खांद्यावर पडलं होतं. डावी पाकळी वाळू लागली. तिची कड उचलली गेली. मग देठाची बाजू सुटली. केसाएवढ्या ओलाव्यावर ती लटकत राहिली. अकरा वर्षांच्या बादल्या, शतकांचा पाचोळा, कोट्यवधी सूक्ष्म मुखं, सारं त्या केसाएवढ्या ओलाव्यावर लटकत राहिलं.

शेठनीही ते पाहिलं. त्यांनी दोन बोटं उचलली, तेवढंच. ड्रायव्हरने चावी फिरवली.

जेसीबी गुरगुरला. जमीन थरथरली, पाषाण थरथरला, आणि ओली, जड, निरागस उजवी पाकळी घसरून खाली आली.

“पडली! उजवी पडली!” समितीने हात जोडले. कुणीतरी नारळ फोडला. देवाच्या मर्जीपुढे कुणाचं काय चालतं?

“डावी बघा की रं!” धाकू ओरडत होता. “डावी सुटली व्हती!” पण आता इंजिनाचा आवाज मोठा होता. शलाका आपल्या बादलीपुढे उभी राहिली. समितीतल्या दोघांनी तिला आदराने, अगदी आदराने, दंडाला धरून बाजूला केलं. बादली मात्र तशीच राहिली. चाकाखाली तिचा छोटासा, पांढरा आवाज झाला.

पाचोळा उचलला गेला. मुळं उचलली गेली. शतकांची काळी ओल उलटी पडली आणि तिच्यावर पहिल्यांदाच ऊन उतरलं. गाळलेलं नव्हे, हिरवं नव्हे. पांढरं, युरियासारखं पांढरं.

डावी पाकळी मग पडली. दुपारी. पाहायला कुणी नव्हतं.