जयाआक्कांचं बटण

अमावास्येच्या सकाळी भरमू ती जुनी इंग्लिश गाडी घेऊन सांबऱ्याला जयाआक्कांच्या दारात आला, तेव्हा त्याला आनंद वगैरे काही झाला नाही. कुठेतरी टेकावं, एवढंच वाटलं. उभा जन्म उद्यमबागच्या आपल्या गॅरेजच्या शेडमध्ये जुन्या गाड्यांखाली पाठ घासली, पण या एका गाडीच्या ओव्हरड्राइव्हने त्याला हात टेकायला लावले होते.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे बसवलेला एक डबा. चौथा गिअर पडला, रस्ता मोकळा मिळाला, की बटण लावायचं. गाडी त्याच वेगाने धावते, इंजिन मात्र निवांत होतं. वस्तू गुणी, पण नखरे फार. तिला गिअरचं जाड तेल सोसत नाही, साधं इंजिनाचंच लागतं. तळाची जाळी धुतली नाही की रुसून बसते. भरमू हे सगळं न चुकता करायचा. तरीही दोनदा डबा खोलून आतले रोलर नवे बसवले, आणि दोन्ही वेळा गाडी घरी पोचल्यावर पहिल्याच फेरीला, निपाणीच्या रस्त्यावर, त्यांचा चुरा झाला.

आक्कांचा मुलगा नागराज वैतागून भरमूला म्हणाला होता, "अण्णा, काढूनच टाकूया हे. नवा पाच गिअरचा बॉक्स बसवा, कटकट मिटंल."

आक्का हटल्या नाहीत. "मालकांनी हौसेनं घेतलेली गाडी हाय. आतडं काढून नुसतं कातडं ठेवतोस व्हय?"

म्हणून तिसऱ्यांदा खोललं. भरमूने दोष आपल्या हातांनाच दिला. साठी उलटलेली, सकाळी बोटं आखडायची. रोलर तिरका बसत असेल आणि आपल्याला कळत नसेल, हे त्याच्या मनाने घेतलं ते घेतलंच. दुसरा चुरा हातात आला, त्याच दिवशी त्याने शेड सोडायचं ठरवलं. शेजारच्या गाळ्यातल्या साईराजला तिथे गाड्या धुवायचं सेंटर काढायचं होतं, तो कधीपासून मागे लागला होता. गेल्या आठवड्यात शेडची चावी त्याच्या हातात गेली. ही गाडी शेवटची.

आक्कांच्या घरची रीत अशी, की दुरुस्त झालेली गाडी अमावास्येलाच दारात यायची आणि पूजेशिवाय बाहेर पडायची नाही. मागे दोन्ही वेळा भरमू गाडीची चावी देऊन तसाच पळाला होता, कारण अमावास्येला त्याच्या शेडचीही पूजा असायची. आज पळायचं कुठे? तो कट्ट्यावर बसून राहिला.

पूजेआधी गाडी जागी करायची असते. नागराजने इंजिन चालू केलं. आक्कांनी खिडकीतून हात घालून एकेक बटण लावलं. दिवे लागले, वायपर फिरायला लागले. देवापुढे गाडीचं कुठलंच अंग झोपलेलं नको. सगळ्यात शेवटी त्यांनी ओव्हरड्राइव्हचं ते छोटं बटण लावलं, अगदी हलक्या हाताने.

"आता तोंड पूर्वेला कर," त्या म्हणाल्या. नागराजने रिव्हर्स टाकला.

भरमू कट्ट्यावरून उठला. "थांब रं नागराज! क्लच सोडू नको!" ओरडत तो धावला आणि त्याने आधी ते बटण बंद केलं.

"काय झालं रं?" आक्का घाबरल्या.

"आक्का, हे बटण लावून गाडी मागं घेतली की संपलं. आतले रोलर एकाच बाजूला फिरत्यात. मागं ढकललं की चेचत्यात, मग रस्त्याला लागलं की चुरा."

आक्का गाडीला धरून उभ्या राहिल्या. "मालक हुते तवा तवंदीचा घाट उतरला की म्हणायचे, हं, लाव आता. सगळ्या गाडीत तेवढं एकच बटण माझं. म्हणून मी पूजेला..." त्यांची नजर बटणावर गेली. "म्हंजे दोन्ही बाऱ्या मीच मोडलं?"

खोटं बोलावं असं भरमूला वाटलं. पण खोट्यालाही अंगात बळ लागतं. "व्हय आक्का."

"आन् तू हाताला दोष दिऊन शेड दिलीस."

भरमूला राग आला. आक्कांचा आला, साईराजचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. एका अमावास्येला जरी इथे थांबलो असतो! पण शेड होती तोवर थांबायला सवड नव्हती.

त्याने डिकीतली हत्यारांची पिशवी काढली आणि गाडीखाली आडवा झाला. रिव्हर्स पडला की बटणाची वीज तुटेल, अशी तार जोडली. त्यातले स्क्रू ज्वारीच्या दाण्याएवढे. एकही निसटला नाही, एकही तिरका बसला नाही. ते बघून त्याला जास्तच वाईट वाटलं.

"लावा आक्का. आता कायबी हुत न्हाय."

आक्कांनी हात पुढे केला, मागे घेतला, मग लावलं. गाडी मागे आली, पूर्वेला वळली. पूजा झाली, चाकांखाली लिंबं फुटली. आक्कांनी नारळाचं अर्धं भकल भरमूच्या हातात दिलं आणि ते हात आपल्या हातांत धरून ठेवले.

"अण्णा, बसा, सोडतो," नागराज म्हणाला. "उद्यमबागलाच न्हवं?"

"व्हय," भरमू सवयीने म्हणून गेला.

गाडी फाटकाबाहेर पडली, मोठ्या रस्त्याला लागली. नागराजने चौथा गिअर टाकून बटण लावलं. इंजिन शांत झालं. भरमूने कान देऊन ऐकलं. कुठेच खोट नव्हती.

"नागराज," तो म्हणाला, "उद्यमबाग नको रं. घरीच सोड."