कुशीतली आग

नागीण उतरून वर्ष होत आलं, तरी तिनं रुखमाबाईच्या उजव्या कुशीतल्या नसांत लावलेली आग काही विझली नव्हती. पदर घासला तरी चटका बसायचा. डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतली की तेवढी ती शांत व्हायची आणि बाई माणसांत यायची.

मग ब्रह्मपुरीकडची काही टवाळ पोरं त्याच गोळ्या नशेसाठी मूठमूठ गिळू लागली. नियम कडक झाला. दर वेळी डॉक्टरांची ताजी चिठ्ठी दाखवल्याशिवाय दुकानदार गोळीला हात लावेना. नियम वाईट नव्हता, आणि खऱ्या दुखणाइतांसाठी वाटही ठेवली होती. गावच्या उपकेंद्रात नर्स रंजीता फोनवर डॉक्टरांशी बोलणं करून देई, चिठ्ठी मिळे. पण गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? गावानं त्या गोळीचं नावच 'नशेची गोळी' पाडलं. ती चारचौघांत मागण्यापेक्षा रुखमाबाईनं आग पत्करली. अब्रूचं खूळ डोक्यात शिरलं की शहाणं माणूसही आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतं.

त्यातच लेक दिव्यानी बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. रुखमाबाईला त्या जिवाला उराशी धरावंसं इतकं वाटे की हात शिवशिवत. लेकीला ओल्या अंगी घोर नको म्हणून दुखणं सांगितलेलं नव्हतं. त्यामुळं बाळ घ्यायची वेळ आली की नेमकं तिचं काहीतरी चुलीवर करपायचं.

बारशाला मात्र चूल कामी आली नाही. पाळण्याच्या खालून-वरून बाळ द्यायचं-घ्यायचं, तर पलीकडे आजीच हवी. रुखमाबाईनं दोन्ही हातांनी बाळ घेतलं. इवलीशी टाच कुशीला लागली आणि ती कळवळून मागं सरली. शेजारच्या साधनानं बाळ सावरलं म्हणून बरं.

दिव्यानीचे डोळे भरले. "पोरगी झाली म्हणून नको झाली काय तुले, आई?"

असं काही ऐकण्यापेक्षा मरण बरं, असं रुखमाबाईला वाटलं. बायकांत बसलेल्या रंजीताकडे वळून ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "रंजीता, उद्या डॉक्टरशी बोलून दे मले. नागिणीची आग अजून गेली नाई. ते गोळी पाह्यजे. नशेची म्हणा, नाई तं काई म्हणा. मले माही नात घ्यायची हाये."

दिव्यानी आईच्या डाव्या बाजूला येऊन टेकून बसली. गोळी लागू पडायला काही दिवस तरी जातील, असं रंजीता म्हणाली. आणि बाळाला सव्वा महिना झाला की सासरची माणसं मायलेकींना न्यायला येणार होती.

बायका पांगल्यावर रुखमाबाईनं पाळण्याची दोरी हातात घेतली.

"तोपर्यंत लय मोठी नको होजो, माय," ती नातीला म्हणाली.