चावट कादंबरीचं मोठ्यानं वाचन

वाचनालयाचा एक नियम होता. कपाटातलं पुस्तक कायमचं काढायचं असेल, तर समितीनं आधी ते सगळंच्या सगळं मोठ्यानं वाचायचं. निवडक चार ओळींवरून पुस्तकाला फासावर चढवू नये म्हणून ग्रंथपालांनीच तो तरुणपणी हट्टानं करून घेतला होता. त्यापायी एक दिवस सुनेसमोर चावट कादंबरी वाचावी लागेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तक्रार सुनेचीच होती. समितीत सासरा-सून, अध्यक्ष आणि दातांचे डॉक्टर असे चौघं. अध्यक्षांचा चष्मा नेमका घरी राहिलेला, डॉक्टरांचा घसा बसलेला. मग ग्रंथपालच मान खाली घालून बाजारभाव वाचावेत तसे वाचत राहिले.

"जरा भाव आणून वाचा की," डॉक्टर म्हणाले.

"घसा बरा झाला वाटतं तुमचा," सून म्हणाली.

तिसऱ्या बैठकीत पुस्तक संपलं.

"मला लाज वाटली म्हणून तक्रार नाही केली," सून म्हणाली. "यातली बाई दर वेळी नाही म्हणते आणि पान उलटायच्या आत तिचं हो होतं. आमच्या ऑफिसातल्या साहेबालाही तसंच वाटतं."

तिचं मत अर्थातच पुस्तक काढण्याचं होतं. अध्यक्षांनीही तिच्या बाजूनं मत दिलं, डॉक्टरांनी विरुद्ध. मतं सारखी पडली की पुस्तक राहायचं. उरले ग्रंथपाल.

तिचं म्हणणं त्यांना पटलं होतं. पुस्तक टाकाऊच होतं. पण आज हे काढलं, तर उद्या दुसरं काढायला येणाऱ्याला काय सांगायचं? हा मुद्दा त्यांनी इतक्यांदा मांडला होता की आता त्यांना स्वतःलाच तो शिळा लागत होता. मुलापेक्षा ही सूनच त्यांच्याशी मोकळेपणानं बोलायची. ते बोलणं आज तुटेल, याची त्यांना धास्ती होती.

"ठेवू या," ते हळूच म्हणाले. "पण वाचनालयाच्या पुढच्या पुस्तकचर्चेत तू हे सगळ्यांसमोर बोल. कोणी आडवं आलं तर मी आहे."

"मला बोलायला कोणी अडवत नाही, बाबा. ऐकून मात्र कोणी घेत नाही."

"मी ऐकलं."

"हो. आणि ठेवू या म्हणालात."

जिन्यापाशी तिनं नेहमीसारखा त्यांना हात दिला. रस्त्यावर आल्यावर सोडला, आणि घर येईपर्यंत ती दोन पावलं पुढेच चालत राहिली.