सुभेदारांचं मागणं

मित्रांनो, मी एक जुना बिगूल आहे. अंग तांब्याचं, कडा पितळेच्या आणि पोटाला एक पोचा. उंब्रजच्या जोतीराम घोरपड्यांच्या घरी कॅलेंडरशेजारच्या खुंटीवर माझा मुक्काम असतो. माझं नाव तुमच्या कानावर नसेल तर त्यात तुमची चूक नाही. बारा वर्षं मी चकार शब्द काढला नव्हता.

माझा जन्म मेरठचा. तिथून पलटणीत आलो आणि जोतीरामच्या हाती पडलो. पहाटे जवानांना उठवायचं, जेवायला बोलवायचं आणि कोणी गेलं तर त्याला निरोप द्यायचा, ही माझी कामं. पहाटे मला शिव्या पडत आणि जेवणाच्या वेळी तीच तोंडं हसत. पोचा ट्रकमधून पडल्यामुळे आला. जोतीराम पाहुण्यांना लढाईचं सांगतो, तेव्हा मी गप्प बसतो.

आमचे साहेब सुभेदार शीमोन रणभिसे, साताऱ्याचे ख्रिस्ती. जोतीरामची बायको बनुबाई बाळंतपणात अडली, तेव्हा त्यांनी स्वतःची रजा सोडून त्याला घरी धाडलं होतं. पुढे मी निकालात निघालो, तर वर अर्ज करून त्यांनीच मला भंगारातून सोडवलं आणि जोतीरामच्या स्वाधीन केलं.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारा-अवजारांबरोबर माझीही पूजा व्हायची. साहेब त्या दिवशी न चुकता यायचे. माझ्यावरचा झेंडू बघून म्हणायचे, "पूजा झाली ना जोतीराम? मग आता वाजव."

"कवळी हाय सायेब, हवा सुटती. फुडल्या वर्सी बघू."

खरं कारण कवळी नव्हतं. साहेबांसमोर सूर चुकेल, याची त्याला धास्ती होती. साहेब "बरं" म्हणून पुरणपोळी खायचे. गेल्या खेपेला मात्र उठता उठता म्हणाले, "माझ्या मातीला तरी वाजवशील ना?"

"व्हय सायेब," जोतीराम म्हणाला.

या जानेवारीत सांगलीहून रूथताईंचा, साहेबांच्या मुलीचा, फोन आला. वडील गेले होते आणि दुसऱ्या दिवशी साताऱ्यात दफन होतं. बनुबाईने मला चिंचेने घासून लख्ख केलं. सकाळी जोतीरामने उसाच्या बांधावर मला फुंकलं. पहिला सूर बसका आला, दुसरा चांगला लागला. मला फार बरं वाटलं.

निघताना बनुबाई तुळशीचं पान घेऊन आली. "आवं, ह्ये सायबांच्या तोंडात ठिवा."

"आगं, त्यांच्यात न्हाई ठिवत."

"नसंल ठिवत. पर मला काय पाठवावं वाटलं तर?"

जोतीरामने पान घेतलं. त्याच्या खिशात तंबाखू होती आणि तुळस तंबाखूजवळ कशी ठेवायची? त्याने माझी फुंकायची तोंडी काढली, पान माझ्या नळीत सरकवलं आणि तोंडी परत बसवली.

हायवेवर बस रखडली. आम्ही चर्चला पोचलो तेव्हा शवपेटी बंद झाली होती. जोतीराम सवयीने चपला दाराशी काढून आत गेला. बाकी सगळे बुटात होते. गीतं झाली, पाळकांनी प्रार्थना केली. पानाचं तो पार विसरला. मी विसरलो नव्हतो, पण आम्हाला फुंकल्याशिवाय बोलता येत नाही.

दफनभूमीत पेटी खाली उतरली. माजी सैनिक रांगेत उभे राहिले. जोतीरामने मला ओठांना लावलं आणि माझ्यातून नुसती फुस्स हवा गेली. त्याने पुन्हा जोर लावला, तरी तेच. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही.

मग त्याला आठवलं. त्याने तोंडी उपसली, मला हातावर आपटलं, पण पान निघेना. रूथताई पुढे आल्या, केसांतली पिन काढली आणि ते चुरगळलेलं पान हळूच बाहेर ओढलं.

"काका, हे काय?"

"बनीनं सायबांच्या तोंडात ठिवाया दिलतं," जोतीराम खाली मान घालून म्हणाला. "तुमच्यात चालत न्हाई, ठावं हाय मला. चुकलं, ताई."

रूथताईंनी पाळकांकडे पाहिलं. पाळकांनी होकाराची मान हलवली. "काकूंनी पाठवलंय ना, मग पोचू दे," असं म्हणून रूथताईंनी पान मुठीतल्या मातीबरोबर पेटीवर सोडलं.

त्यानंतर मी वाजलो. एक सूर मध्येच चिरकला, पण जोतीराम थांबला नाही. शेवटचा सूर त्याने दम संपेपर्यंत धरला.

सगळ्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. कोणी म्हणालं, लय भारी वाजिवलंस गड्या. पाळकांनी हात जोडले. बारा वर्षं ज्याने मागितलं, तो माणूस मात्र काही म्हणाला नाही. परतीच्या बसमध्ये जोतीराम मला मांडीवर घेऊन बसला होता. उंब्रज येईपर्यंत तो एवढंच बोलला, "त्यांच्याम्होरं चिरकला असता, तरी सायेब नुसतं हसलं असतं."

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठल्यातरी खुंटीवर माझ्यासारखं काही टांगलेलं असेल. त्याला घासा, पुसा, फुलं वाहा. पण कोणी पोळी खाता खाता "आता वाजव" म्हणालं, तर ताटावरून उठा आणि त्याच्यासमोर वाजवा. सूर चुकला तरी चालेल, मागणारा ऐकायला समोर बसलेला असेल.