दोन मात्रांची जागा

"काका, इथे तुमचे दोन्ही हात वर जातात. दर वेळी. का?"

लॅपटॉपवालीने पडदा त्याच्याकडे वळवला. पडद्यावर त्याचं वाजवणं चित्रासारखं दिसत होतं. एक डोंगर, मग सपाट रेघ, मग पुन्हा डोंगर. तिने सपाट रेघेवर पेन्सिल टेकवली.

"गाण्यात तसंच आहे," तो म्हणाला.

"ते माहीत आहे हो. लोक तिथे टाळ्या वाजवतात. पण रविवारच्या कार्यक्रमात सगळं मशीनला बांधलेलं असणार, दिवेसुद्धा. तिथे दोन मात्रा मोकळ्या राहिल्या तर भोक पडल्यासारखं वाटतं. म्हणून मी बास टाकलाय. खाली उतरणारे तीन सूर. ऐका."

तिने कळ दाबली. त्याच्या वाजवण्यामागून तीन जाड सूर जिना उतरल्यासारखे उतरले आणि गाणं पुढे गेलं.

सूर चुकीचे असते तर बोलता आलं असतं. ते बरोबर होते.

"नाही आवडलं?"

"कुणी वाजवलंय?"

"कुणी नाही. मशीनच आहे."

"उद्यापर्यंत थांबशील का? ते वाजवणारा माणूस आहे. विचारून येतो."

ती हसली. पोरगी स्वभावाने चांगली होती, नुसतं घाईचं काम होतं तिचं. "काका, चाळीस वर्षं तिथे कुणी नाही."

"तेच सांगतोय. माणूस आहे."

"बरं. उद्या पाचपर्यंत. पाचनंतर मला काही हलवता येणार नाही."

या माणसाला धंद्यातले लोक कीबोर्डकाका म्हणतात. त्याआधी त्याला पेटीवाला म्हणायचे, आणि हे नाव एकाच माणसाने पाडलं होतं. त्यामागे माया किती आणि टोमणा किती हे त्याला कधी नीट कळलं नाही. तो तेव्हा जॅझ वाजवायचा. चौघांचा ताफा होता. एका हॉटेलच्या जेवणघरात, काटेचमच्यांच्या खडखडाटात, ते संध्याकाळी वाजवत. ड्रमवाला, ट्रम्पेटवाला, पियानोवर हा, आणि मागे उभ्या बासला, त्या माणसाएवढ्या तंतुवाद्याला, कवटाळून खांब. खांब हे टोपणनाव. माणूस सव्वासहा फूट, आणि वाजवताना पापणीसुद्धा हलवायचा नाही. तो ताल धरून उभा असला की बाकीचे कुठेही भटकून घरी परत येत.

चौघांपैकी कुणालाच कागदावरचे सूर वाचता येत नव्हते. जे होतं ते कानात होतं. त्यांनी स्वतःचं एक वाजवणं बसवलं होतं, त्याला नाव नव्हतं. सात मिनिटं चालायचं म्हणून ते त्याला 'सात मिनिटांचं' म्हणत. सुरुवात पियानोने व्हायची. तो तुकडा संपता संपता पियानो हात उचलायचा, दोन मात्रा सोडायचा, आणि त्या जागेतून खांब तीन सूर खाली उतरायचा. तिथून पुढे चौघं.

त्याची तबकडी निघणार होती. एका गुरुवारी दुपारी स्टुडिओ ठरला होता.

त्याच गुरुवारी सकाळी पेटीवाल्याला दुसऱ्या स्टुडिओतून निरोप आला. मोठा संगीतकार, मोठं गाणं, नेहमीचा वादक आजारी. तासाभराचं काम आहे, म्हणाले. घरात चार महिन्यांची मुलगी होती, बायको म्हणाली, "रोज संध्याकाळी दुसऱ्यांची जेवणं बघत किती दिवस वाजवणार?" त्याने शेजारच्याकडून ताफ्याला फोन केला आणि सांगितलं की ताप आलाय.

तासाभराचं काम संध्याकाळपर्यंत लांबलं. संगीतकार म्हणाला, सुरुवातीला काहीतरी वाजव, आठवेल ते. आठवणार काय? त्या दिवशी जे वाजवायला निघाला होता तेच हातात होतं. सात मिनिटांचं जसं सुरू व्हायचं तसा तो सुरू झाला, आणि तुकड्याच्या शेवटी सवयीने हात उचलून दोन मात्रा थांबला. कुणासाठी थांबला हे त्याला थांबल्यावर कळलं. त्याच्या अंगाला खरोखरच घाम सुटला.

"चुकलं," तो म्हणाला. "परत घेतो."

काचेपलीकडून संगीतकाराचा आवाज आला, "परत घेतलंस तर बोटं तोडीन. राहू दे असंच."

गाणं निघालं आणि वणव्यासारखं पसरलं. त्या दोन मात्रांत लोक टाळ्या वाजवू लागले. लग्नात, मैदानात, सहलीच्या बसमध्ये. पेटीवाल्याला कामं येत गेली. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी तो कागदावरचे सूर वाचायला शिकला, कारण स्टुडिओत कागद समोर ठेवतात आणि वाजवा म्हणतात. मोठ्या माणसाने अक्षरं गिरवायची म्हणजे लाज गिळावी लागते, ती त्याने गिळली. पण कागद वाचता येऊ लागला तसा कान आळशी झाला. हे त्याच्या लक्षात आलं नाही. असं लक्षात येत नाहीच.

आता बायको नव्हती. मुलगी दुसऱ्या शहरात होती, ती रविवारी फोन करायची. बाकी दिवस घरात त्याच्याशी कुणी बोलत नसे, पण तो स्वतःला मात्र सारखा ऐकू येई. वाण्याच्या रेडिओवर, वरच्या मजल्यावरच्या बाईच्या फोनमध्ये. डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावला की 'कृपया थांबा' म्हणून त्याचाच तुकडा वाजे. तो फोन कानाला लावून भिंतीजवळ उभा राही आणि स्वतःचंच वाजवणं ऐकत थांबे. दोन मात्रा आल्या की श्वास धरी. इतक्या वर्षांत ती सवय गेली नव्हती.

त्या गुरुवारनंतर खांब त्याच्याशी बोलला नव्हता. ताफा मोडला. ड्रमवाला आणि ट्रम्पेटवाला आता नव्हते. खांबाने लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत नोकरी धरली आणि तिथूनच निवृत्त झाला, एवढं कानावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमाराला पेटीवाला त्याच्या दारात उभा राहिला. दार खांबाच्या मुलीने उघडलं. ती शाळेत शिकवायची, हाताला खडू लागलेला होता.

"तुम्हाला टीव्हीवर बघितलंय, काका," ती म्हणाली. "गाणारीच्या मागे बसलेले असता. डाव्या कोपऱ्यात."

"तोच मी."

"बाबा, कोण आलंय बघा."

"ऐकलं," आतून आवाज आला. "जिना चढतानाच ऐकलं. अजून तालात चढत नाही."

खांब खिडकीजवळ खुर्चीत होता. खुर्ची त्याला पुरत नव्हती, गुडघे वर आले होते. वर्षापूर्वी डावी बाजू गेली होती, त्यातली थोडी परत आली होती. कोपऱ्यात उभा बास चादर पांघरून होता, आणि त्याच्या मानेवर कुणीतरी छत्री अडकवली होती.

"बस, पेटीवाल्या. म्हातारा झालास."

"तू काय तरणा राहिलास का?"

"मी आजारी आहे. म्हातारा नाही." खांबाने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू वर गेलास म्हणे. मीही तेच केलं. तीस वर्षं लोकांना वर पोचवलं."

"बाबा, कितीदा तोच विनोद," मुलगी म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

पेटीवाल्याने वाटेत बोलणं जुळवून ठेवलं होतं, ते सगळं विसरलं. त्याने सरळच सांगितलं. रविवारचा कार्यक्रम, गाण्याची चाळीस वर्षं, ती पोरगी, मशीनमधले तीन सूर. "ती जागा तुझी आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी तुझ्यासाठी थांबलो होतो. लोकांना वाटतं टाळीची जागा आहे. कुणाला सांगितलं नाही कधी. मशीनने भरायच्या आधी तू ये आणि वाजव. स्टूल देतील बसायला. गाडी पाठवतील."

खांबाने डावा हात मांडीवरून उचलून उजव्या हातात घेतला, दुसऱ्याची वस्तू बघावी तसा बघितला, आणि त्याची दोन बोटं हलवून दाखवली.

"तीन सूर ना? एक मोकळ्या तारेवर आहे, त्याला बोट लागत नाही. उरलेले दोन या दोन बोटांत होतील."

पेटीवाला पुढे सरकला. "मग येतोस?"

"नाही."

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला.

"मला काय ते आज कळलं असं वाटलं का तुला?" खांब म्हणाला. "गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी एका लिफ्टच्या खड्ड्यात होतो. वर कुणाचातरी रेडिओ लागला होता. तुझा हात उचलला गेला आणि माझी बोटं तिथेच तारेवर गेल्यासारखी हलली. हातात पाना होता, तो पडला. तेव्हाच समजलो, हा माझ्यासाठी थांबलाय. म्हणून तर राग आला. जागा ठेवलीस, माणसाला बोलावलं नाहीस."

"ताप आलाय म्हणालो होतो."

"हो. ड्रमवाल्याने तुझ्यासाठी औषध आणून ठेवलं होतं. आम्ही तिघं बास लावून, ड्रम लावून बसलो होतो. येईल, म्हणाला तो. ताप उतरला की येईल."

मुलीने चहा आणून ठेवला आणि परत गेली. दोघांनी चहा घेतला. खांबाच्या ओठाच्या डाव्या कडेने थोडा ओघळला, तो त्याने स्वतःच पुसला.

खिशात फोन वाजला. लॅपटॉपवाली होती.

"काका, काय झालं? भेटले का ते?"

पेटीवाल्याने समोर पाहिलं. खांब खिडकीबाहेर बघत होता, त्याच्यापुरता विषय संपला होता.

"भेटले," तो म्हणाला. "तू भरून टाक."

"नक्की ना? नंतर म्हणू नका हं."

"भर. चांगलं केलंयस तू. सूर बरोबर आहेत."

त्याने फोन ठेवला. आता उठायला हवं होतं. पण उठवेना. तो रिकामा कप धरून बसून राहिला.

"तुला ते गाणंच वाजवायचं होतं," खांब बाहेर बघतच म्हणाला. "माझ्याबरोबर वाजवायला आला असतास तर नाही म्हटलं नसतं. नातीचा खेळण्यातला पियानो आहे त्या फळीवर. काढ."

तो चार सप्तकांचा छोटा कीबोर्ड होता, कळांवर रंगीत चिकट्या लावलेल्या. पेटीवाल्याने तो गुडघ्यांवर घेतला.

"काय वाजवू?"

"सात मिनिटांचं."

पेटीवाल्याने सुरुवात केली. सुरुवातीचा तुकडा बोटांतून आपोआप निघाला. हजारो वेळा वाजवलेला होता. हात उचलले, दोन मात्रा गेल्या, आणि तो पुन्हा कळांवर आला तेव्हा बोटं सरळ गाण्यात शिरली. गाणारी जिथे गायला लागते तिथे.

"ते नाही," खांब म्हणाला.

त्याने परत सुरुवात केली. परत गाण्यातच गेला. तिसऱ्यांदा तो दोन मात्रांनंतर हात हवेत धरूनच राहिला. पुढे काय होतं? पुढे सहा मिनिटांहून जास्त होतं, तो रोज वाजवायचा, आणि त्याला त्यातला एक सूर आठवत नव्हता. त्याने कीबोर्डकडे असं पाहिलं, जणू पुढचं रंगीत चिकट्यांवर लिहिलेलं असावं.

"गेलं," तो म्हणाला. "माझ्याकडे नाही ते."

"तुझ्याकडे कसं असेल? तुला ते कधी लागलंच नाही." खांबाने मान खुर्चीला टेकली, डोळे मिटले. "मला खड्ड्यात दिवसभर दुसरं काम काय होतं? मी रोज वाजवलंय डोक्यात. चल. तीन सूर मी उतरलो असं समज. आता बी-फ्लॅट, तीन बोटांनी धर. घाई नको. तिथेच राहा दोन वेळा. आता जी. हं. आता सी, पण वरचं बोट काढ."

पेटीवाल्याने वरचं बोट काढलं. आणि तो सूर आला. हॉटेलचं जेवणघर, ट्रम्पेटवाल्याचा तिरका खांदा, यातलं काहीच आठवलं नाही, फक्त पुढची कळ आठवली. मग त्याच्या पुढची.

"थांब, तिथे ड्रमवाला एकटा होता. आठ मोज. हं. आता परत जी."

खांब सांगत गेला, हा वाजवत गेला. कधी खांब नुसता उजवा हात खुर्चीच्या दांडीवर आपटून पुढे जा म्हणायचा. एकदा म्हणाला, "चुकलास," आणि दोघं मागे जाऊन तेवढं परत वाजवून आले. दारात मुलगी हात पुसत उभी राहिली होती. तिने हे कधीच ऐकलं नव्हतं. तिनेच काय, त्या जेवणघरात जेवून गेलेल्यांखेरीज कुणीच ऐकलं नव्हतं.

"आता सावकाश," खांब म्हणाला. "इथून ते खाली जातं. एफ. मग परत सी. हे चार वेळा फिरतं, मग..."

पेटीवाला चार वेळा फिरला. मग त्याने वर पाहिलं.

खांबाची हनुवटी छातीवर आली होती. श्वास लांब, सारखा चालला होता. उजवा हात दांडीवरून घसरून मांडीवर आला होता, डाव्याच्या शेजारी.

मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "या वेळी झोपतातच ते. रात्री झोप नसते. थांबू नका लगेच, काका. आवाज बंद झाला की दचकून उठतात."

पेटीवाल्याने मान हलवली. पुढचा सूर त्याला माहीत नव्हता. त्याने आवाजाची कळ खाली ओढली आणि एफवरून सीवर, सीवरून परत एफवर, तेवढ्याच जागेत फिरत राहिला.